सिग्नल लाल, गाडी गप्प!

पळताना एकदम मक्खन, थांबली की बंद! जुन्या गाडीचा हा आजार तसा कॉमन आहे आणि बऱ्याचदा स्वस्तातही बरा होतो. अट एकच, पाना हातात घेण्याआधी गाडीचं म्हणणं नीट ऐकायचं.

रविवारी एक्स्प्रेस-वेवर ऐंशीच्या स्पीडने लोण्यासारखी पळणारी गाडी सोमवारी सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला मान टाकते. गिअर न्यूट्रलला, पाय ब्रेकवर, काटा हळूहळू खाली... आणि फुस्स! मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा अंगठा काढत नाही, बाईकवाले दोन्ही बाजूंनी वाकून बघतात. तुम्ही किल्ली फिरवता, गाडी लगेच चालू होते. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

पहिल्या नोकरीबरोबर बाबांची जुनी झेन, ८०० किंवा सँट्रो वारशात मिळालेल्या मंडळींना हा सीन नवा नाही. या गाड्या वयाने मोठ्या, पण मनाने तरुण. ईएमआय नाही, पार्किंगला सोप्या, स्क्रॅच पडला तर जीव जात नाही. पण अशी सारखी बंद पडायला लागली की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते ‘विकून टाक’, दुसरी म्हणते ‘इंजिन उघड’. आणि बहुतेक वेळा दोन्ही पार्ट्या चुकीच्या असतात. आजार कळण्याआधीच ऑपरेशनची तारीख ठरवण्यासारखं आहे हे!

आयडलिंग म्हणजे काय भानगड?

तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना इंजिन स्वतःपुरतं फिरत राहतं, ते आयडलिंग. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा आकडा मिनिटाला साधारण सातशे ते नऊशे फेऱ्यांच्या आसपास असतो. ऐकायला आरामाचं काम वाटतं. प्रत्यक्षात इंजिनासाठी हीच सगळ्यात नाजूक वेळ.

हिशेब बघा. ८०० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला जेमतेम सत्तावीस स्फोट होतात. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, तिथे फक्त वीस. एवढ्याशा ताकदीवर इंजिनाला स्वतःचं वजन फिरवायचं, अल्टरनेटर चालवायचा, वर एसीचा कॉम्प्रेसरही ओढायचा. हायवेवर वीसातला एक स्फोट हुकला तर फ्लायव्हीलच्या जोरावर गाडी ते पचवते, तुम्हाला कळतही नाही. सिग्नलला तीच चूक झाली तर सावरायला जोरच नसतो. म्हणून जुन्या गाडीचा कुठलाही बारीक आजार सगळ्यात आधी आयडलिंगला दिसतो.

इंजिनाला जगायला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. निव्वळ पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे आदर्श प्रमाण. यातलं काय कमी-जास्त होतंय, एवढंच शोधायचं आहे. बाकी सगळं डिटेक्टिव्हगिरी!

आधी प्रश्न, मग पाना

चांगला मेकॅनिक बोनेट उघडण्याआधी विचारतो, ‘कधी बंद पडते?’ ‘कुठेही, कधीही’ हे उत्तर चालणार नाही. चार दिवस डॅशबोर्डवर एक छोटी वही ठेवा आणि लिहून काढा. बघा, अर्ध निदान तिथेच होतं.

फक्त सकाळी थंड असताना बंद पडते आणि गरम झाल्यावर बरी? मग थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळत नाहीये. कार्बोरेटरच्या गाडीत चोककडे बघा, इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे.

उलट, गरम झाल्यावरच बंद पडते? तोच सेन्सर उलटं खोटं बोलत असू शकतो. इंजिन गरम असताना ‘थंड आहे’ सांगतो आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल ओततो. काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तर संशय पक्का. तापल्यावर दम सोडणारी कॉइल, टाइट झालेले टॅपेट हेही याच यादीत. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडरचे ड्रायव्हर मे महिन्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते काही अंधश्रद्धेपोटी नाही. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा, त्यावरचा तो घरगुती इलाज होता.

एसी लावला की बंद पडते? कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिनाने रेस थोडी वाढवून ते ओझं सांभाळायचं असतं. गॅरेजच्या भाषेत ‘आयडल-अप’. ते होत नाहीये.

ब्रेक दाबताच बंद पडते? ब्रेक बूस्टर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. बूस्टर किंवा त्याचा पाइप फाटला असेल तर ब्रेक दाबताना इंजिनात नको ती हवा घुसते. हे लक्षण दिसलं तर वही-बिही सोडा, थेट गॅरेज गाठा. इथे प्रश्न आयडलिंगचा नाही, ब्रेकचा आहे.

सीएनजीवर बंद पडते, पेट्रोलवर नाही? मग तर लॉटरीच! इंजिन ठीक आहे, गॅस किटचं ट्युनिंग बघा. याच्या उलट असेल, म्हणजे पेट्रोलवर बंद पडत असेल, तर महिनोन्‌महिने न वापरलेली पेट्रोलची लाइन आणि इंजेक्टर साफ करायला हवेत. मुंबई-ठाण्यात किट बसवलेल्या कित्येक गाड्यांची हीच कहाणी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. गाडी मान टाकत असताना अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला तर वाचते का? वाचत असेल तर बंद थ्रॉटलच्या वेळी मिळणारी हवा किंवा स्लो लाइनचं पेट्रोल कमी पडतंय. दाबूनही मरत असेल तर पेट्रोलचा मुख्य पुरवठा किंवा ठिणगीकडे बोट दाखवा.

गाडी हवा घेते!

गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. थ्रॉटल बंद असताना इंजिन आतून जोरात ओढ घेत असतं. वीस वर्षांत बोनेटखालच्या उष्णतेने रबराचे बारीक पाइप कडक होतात, टोकाला चिरतात. मॅनिफोल्डचं पॅकिंग बसतं. तिथून मोजणीत नसलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग डगमगतं. हायवेला मात्र आत जाणारी एकूण हवा इतकी जास्त असते की ही चोरी लक्षातच येत नाही. ‘पळताना मस्त, थांबली की बंद’ या तक्रारीचं हे अगदी क्लासिक कारण.

शोधायचं कसं? गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, चालू ठेवा. टाय, ओढणी, मोकळे केस पंखा आणि पट्ट्यांपासून लांब! आधी कान लावा. ‘स्स्स’ असा आवाज येतो का? मग एकेक बारीक पाइप हलकेच वाकवून बघा. इस्त्रीच्या वेळी वापरतो तसल्या स्प्रेच्या बाटलीतून जोडांवर पाण्याचा हलका फवारा मारा, पण प्लग आणि वायरिंग टाळून. फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलला तर चोर तिथेच. काही मेकॅनिक यासाठी कार्ब क्लीनर किंवा चक्क पेट्रोल मारतात. तापलेल्या इंजिनावर हा स्टंट आगीला आमंत्रण आहे. स्वतः करू नका, दुसऱ्यालाही करू देऊ नका.

गॅरेजमध्ये व्हॅक्यूम गेज असेल तर क्या बात है! समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. पुणं साडेपाचशे मीटरवर असल्याने तिथे दोनेक इंच कमी धरायचे. काटा स्थिर पण खूप खाली असेल तर गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी. ठराविक लयीत थरथरत असेल तर व्हॉल्व्हची तपासणी. हे छोटंसं घड्याळ इंजिन न उघडता आतलं बरंच काही सांगून जातं.

कार्बोरेटरवाली असेल तर

भारतात छोट्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला तो साधारण २००० च्या आसपास, प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर. त्याआधीची ८०० किंवा झेन तुमच्याकडे असेल तर पहिला संशयित स्लो जेट. सुईच्या टोकाएवढ्या या छिद्रातून आयडलिंगचं पेट्रोल येतं. टाकीच्या तळातला गाळ, गंज, जुन्या पेट्रोलचा चिकटा यातलं काहीही तिथे अडकलं की खेळ खल्लास. मोठ्या जेटमधून येणाऱ्या पेट्रोलवर गाडी पळते, पण पाय काढला की मरते.

दुसरा संशयित आयडल सोलेनॉइड. काही कार्बोरेटरवर हा असतो. किल्ली फिरवल्यावर ‘टिक’ आवाज येऊन तो पेट्रोलची स्लो लाइन उघडतो. टिक नाही? आधी त्याची वायर बघा. वायरच सुटलेली निघाली तर नवा कार्बोरेटर घ्यायचा खर्च वाचला!

आणि एक कळकळीची विनंती. ‘रेस वाढवून देतो, साहेब’ या ऑफरला भुलू नका. स्क्रू फिरवून आयडलिंग हजार-बाराशेवर नेलं की गाडी बंद पडायची थांबते, हे खरं. पण आजार तसाच राहतो, पेट्रोल जास्त जळतं आणि पहिल्या गिअरमध्ये पाय काढला तरी गाडी पुढे ढकलत राहते. ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार.

एमपीएफआयवाली असेल तर

इथे आयडलिंग सांभाळतो कॉम्प्युटर. थ्रॉटलच्या बाजूने एक छोटी पळवाट असते आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह ती गरजेप्रमाणे उघडतो-मिटतो. वर्षानुवर्षांची तेलकट काजळी या वाटेत आणि थ्रॉटलच्या कडेला साचते. वाट अरुंद झाली की एसीचं ओझं आलं तरी हवा वाढवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, २००३ ची झेन आहे. सकाळी पहिल्या किल्लीत स्टार्ट. हायवेला फर्स्ट क्लास. पण गरम झाल्यावर, एसी चालू असताना, सिग्नलला बंद. पाय किंचित दाबला तर वाचते. आता डोकं चालवा. हायवेला जोर आहे म्हणजे पेट्रोल पंप, फिल्टर आणि ठिणगी बहुतेक ठीक. थंड स्टार्ट चांगला म्हणजे तापमानाचा सेन्सर बहुधा खरं बोलतोय. पाय दाबल्यावर वाचते म्हणजे बंद थ्रॉटलला हवा कमी पडते. एसीने त्रास वाढतो, म्हणजे ओझं आल्यावर हवा वाढत नाही. सगळी बोटं एकाच दिशेला! थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून साफ करा, सोबत पाइप तपासा. तेवढ्याने भागलं नाही, तरच पुढे जायचं. ‘पंप बदलू, कॉइल बदलू, सेन्सर बदलू’ ही आरती तोवर थांबवा.

सफाईनंतर काही गाड्यांना आयडलिंग नव्याने शिकवावं लागतं. एक-दोन दिवस काटा वर-खाली झाला तर घाबरू नका. आठवडाभर तसाच राहिला तर मात्र परत दाखवा.

मोबाइलला जोडायचे स्वस्त ओबीडी स्कॅनर सध्या सगळ्यांकडे दिसतात. छान खेळणं आहे, पण भारतात गाड्यांना ओबीडीची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या या स्कॅनरशी बोलतच नाहीत. त्यांना कंपनीचं जुनं टूल असलेला माणूस लागतो. कोड निघालाच तरी तो फक्त दिशा दाखवतो. ‘मिश्रण पातळ’ असा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर खराब, असं नाही. बिचारा खरंच बातमी देत असेल आणि चोर असेल तो चिरलेला पाइप!

ठिणगी आणि पावसाळा

जूनमध्ये पहिली सर आली की प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण आपलं खरं वय दाखवतात. चिरलेल्या वायरीतून ओलाव्यात करंट बाहेर पळतो, एक सिलिंडर ‘मिसिंग’ करतो आणि तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बोनेट उघडा. वायरींवर बारीक निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर नवा सेट घ्या. पण हात लांब! चालू गाडीत वायर उपटून बघायची जुनी पद्धत झटका देते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावते.

प्लग काढले की त्यांचा रंग वाचा. फिकट तपकिरी असेल तर ऑल वेल. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ. ओला, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे लक्ष द्या. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर गडबड त्याच सिलिंडरची.

अजून एक फुकटचा रिपोर्ट तुमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेला असतो. पीयूसी! पेट्रोल गाडीची ही चाचणी आयडलिंगलाच होते. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. तो कमी, पण हायड्रोकार्बन जास्त, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर येतंय, अर्थात मिसिंग किंवा फार पातळ मिश्रण. मागच्या वर्षीची स्लिप शेजारी ठेवून बघा.

टाकीतला नवा पाहुणा

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ई-२०, फेब्रुवारी २०२३ पासून विकायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचलं. जुन्या गाड्या याच्यासाठी बनलेल्या नव्हत्या. ई-२० ला योग्य जळण्यासाठी हवेचं प्रमाण साडेतेराच्या आसपास लागतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हे काही प्रमाणात सांभाळून घेतो. कार्बोरेटरला मेंदू नसतो, तो जुन्या मापानेच पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ होतं. आधीच काठावर असलेलं आयडलिंग मग काठावरून पडतं.

शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला त्रास देतं आणि टाकीतला जुना गाळ सैल करून फिल्टरपर्यंत आणतं. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर बदलून घ्या आणि गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. बोनेटखाली पेट्रोलचा ओलावा किंवा वास आला तर स्टार्टच करू नका.

गॅरेजमध्ये बोलायचं कसं?

‘काका, इंजिन खराब झालंय बहुतेक’ असं म्हणालात की तुम्ही स्वतःच बिलाला आमंत्रण दिलंत. त्याऐवजी वही उघडा. ‘काका, गरम झाल्यावर, एसीवर, सिग्नलला बंद पडते. थंड असताना नाही. किंचित रेस दिली की वाचते. मागच्या वर्षी प्लग बदललेत.’ बघा, काकांचा चेहरा बदलतो. समोरच्याला कळतंय म्हटल्यावर चर्चाही तशीच होते.

क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. आधी एअर फिल्टर, पाइप, बॅटरीची टोकं आणि अर्थिंगची वायर. मग सफाई. मग प्लग, वायरी, पेट्रोल फिल्टर. मग पेट्रोलचं प्रेशर आणि सेन्सर, पण मोजून, अंदाजाने नाही. त्यानंतर टॅपेट सेटिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार पार्ट एकदम बदलले आणि गाडी बरी झाली, तर बरी कशाने झाली हे काकांनाही सांगता येणार नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

रस्त्यातच बंद पडली तर?

* चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर ब्रेक जात नाही. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा पुरेल इतका व्हॅक्यूम शिल्लक असतो. तेव्हा पंपिंग न करता एकदाच, सलग आणि जोरात दाबा.
* पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होईल, पण वळेल. दोन्ही हातांनी धरा.
* चालत्या गाडीत किल्ली ‘लॉक’वर कधीही नेऊ नका. स्टिअरिंग अडकेल.
* चारही इंडिकेटर लावून डाव्या कडेला या. घाटात उतारावर गाडी कधीही बंद इंजिनाने सोडू नका.
* दोन-तीनदा स्टार्ट करूनही जमत नसेल तर थांबा. बॅटरी उतरवून प्रश्न सुटत नाही.

ठेवायची की विकायची?

हा निर्णय सिग्नलवर, वैतागात घेऊ नका. कॉम्प्रेशनचा आकडा हातात येऊ दे. तो सगळ्या सिलिंडरांत चांगला आणि जवळपास सारखा असेल, तर इंजिनात जीव आहे आणि आयडलिंगचा त्रास वरवरचा आहे. तो खर्च करायला हरकत नाही. एका सिलिंडरने मान टाकली असेल आणि पत्राही सडला असेल, तर मात्र हिशेब वेगळा. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि कारची ही फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० रुपयांवर गेली. ग्रीन टॅक्स वेगळा. हे सगळं कागदावर मांडा.

पण विकायचीच ठरली, तरी आधी आजार शोधा. सिग्नलला बंद पडणारी गाडी बघितली की गिऱ्हाईक ‘इंजिन गेलंय’ म्हणत निम्मा भाव पाडतं. चिरलेल्या एका रबरी पाइपासाठी एवढं नुकसान का सोसायचं?